तिसऱ्या धबधब्याशी

पहिल्या धबधब्याशी मृण्मयीने विषय काढला, तर देवव्रत म्हणाला, "आधी वर तर जाऊ." दुसऱ्या धबधब्याशी म्हणाला, "आधी दम तर घेऊ दे." तिसऱ्या धबधब्याशी त्याला काही कारणच उरलं नव्हतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

मृण्मयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावली धरणाच्या वरचा हा डोंगर तिने मुद्दाम निवडला होता, इथे रेंज नसते म्हणून. तिच्या स्वतःच्या फोनवर सकाळपासून एकही रेघ नव्हती.

"तुझा कसा वाजला?"

"दुसऱ्या कंपनीचं सिम घातलंय कालच," देवव्रत म्हणाला. "यजमानांचे फोन असतात गं. बंद ठेवून कसं चालेल?" आणि तो रेंज शोधत एका उंच कातळावर जाऊन उभा राहिला.

कळवणच्या कॉलेजला आज पाच वाजेपर्यंत उत्तर कळवायचं होतं. दुपारपर्यंत त्याच्याशी बोलून खाली रेंजमध्ये उतरायचं, असा तिचा बेत होता. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवून झाल्यावर मृण्मयीला पूर्णवेळ नोकरी मिळत होती. त्र्यंबकेश्वरहून रोज जाणं-येणं शक्य नव्हतं. तिथे खोली घेऊन राहायचं आणि शनिवार-रविवार घरी यायचं. पण पौरोहित्य करणाऱ्या देवव्रतचे यजमान या दोघांच्या घरीच उतरत, घरीच जेवत, आणि तो कांदा-लसूण नसलेला स्वयंपाक मृण्मयी करी. आठ दिवस ती विचारत होती. तो "नको" म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. हा माणूस म्हणायचा, "बघू." आता "बघू"शी कोण भांडणार?

"बोला, शेखरराव!" देवव्रत पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला. "हो, तीन दिवसांची पूजा. जोडीनं बसावं लागतं. वहिनींना रजा मिळतेय का, ते आधी विचारा... नाही नाही, असं परस्पर ठरवू नका. त्यांनाही नोकरी आहे. त्यांना विचारा, मग मला सांगा."

मृण्मयी बुटाची नाडी सोडत होती, ती थांबली.

शेखररावांनी बायकोला तिथल्या तिथे विचारलं असावं. अर्ध्या मिनिटात त्याला उत्तर मिळालं.

"तेरा ते पंधरा? झालं, लिहून घेतो. राहण्या-जेवण्याची काळजीच नको. आमची ही आहे ना!"

फोन ठेवून तो हसतमुखाने वळला. कोणी इतकं आनंदात असलं की त्याच्यावर ओरडणंसुद्धा जड जातं. मृण्मयीला जड गेलं नाही.

"तेराला मला रुजू व्हायचंय!"

"तेराला होय? मला वाटलं पुढच्या महिन्यात."

"पत्रात लिहिलंय. पत्र फ्रिजवर लावलंय. आठ दिवस ते दार उघडून तू पाण्याच्या बाटल्या काढतोयस."

"मग त्यांना कळव ना, सोळाला येते म्हणून. तीन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"तू शेखररावांना सांग, सोळाला या."

"अगं, मुहूर्त असतो तो!" देवव्रत खरोखरच चकित झाला होता.

त्याला डोहात ढकलून द्यावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. पण कुशावर्ताच्या कुंडात डुंबत लहानाचा मोठा झालेला माणूस. पोहून वर आला असता आणि अंग पुसत पुन्हा "बघू" म्हणाला असता.

"हॉटस्पॉट चालू कर," ती म्हणाली.

"आईला फोटो पाठवतेस? पाठव, पाठव. मी कातळावर होतो तोही पाठव." त्याने हॉटस्पॉट चालू केला, फोन त्याच कातळावर रुमालावर ठेवला, शर्ट काढला आणि धबधब्याखाली जाऊन उभा राहिला.

पाच वाजायला वीस मिनिटं होती. मृण्मयी कातळावर चढली. तिने एकच ओळ लिहिली, 'तेरा तारखेस रुजू होत आहे,' आणि पाठवून दिली. गेली की नाही, ते तीनदा पाहिलं. गेली होती.

रुमालावरचा फोन पुन्हा वाजला.

"उचल गं!" पाण्याखालून देवव्रत ओरडला. "म्हणावं, पाच मिनिटांत करतो!"

तिने उचलला. पलीकडे बाईंचा आवाज होता. "गुरुजींच्या घरच्या का तुम्ही? मी अंजली, शेखररावांची मिसेस. आमच्या सासूबाईपण येणारेत. त्यांना तिखट चालत नाही हो. तेवढं जेवणाचं बघाल का?"

"अंजलीताई, तेव्हा मी घरी नसेन," मृण्मयी म्हणाली. "तिखटाचं गुरुजींना सांगते, ते बघतील. मी तेराला कळवणच्या कॉलेजात रुजू होतेय."

देवव्रत पाण्यातून बाहेर आला.

"अय्या, हो का? अभिनंदन!" अंजलीताई म्हणाल्या. "काय शिकवणार?"

आठ दिवसांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. घरात तर नाहीच.

"वनस्पतिशास्त्र," ती म्हणाली. धबधब्यात ते ऐकू गेलं नाही, म्हणून तिने ओरडून सांगितलं. मग ती कातळावर मांडी घालून बसली आणि न विचारलेलंही सांगू लागली. समोर देवव्रत निथळत, फोनसाठी हात पुढे करून उभा होता. तिने बोलता बोलताच त्याला हाताने खूण केली, थांब.