मिशीची वेळ

सलूनवाल्या दादाला घाम फार. हात उचलला की बगलेत शर्ट ओलाचिंब. त्यात तो मिशी कापायला वाकला की गिऱ्हाईक हमखास श्वास रोखून धरायचं आणि दादाच्या मनात पाल चुकचुकायची: आपल्या अंगाला वास येतोय, फक्त तोंडावर कोणी बोलत नाही.

त्वचेच्या डॉक्टरांनी रोज झोपताना लावायला लोशन दिलं. महिन्याभरात घाम आटोक्यात आला. "वास अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. पण ते मास्क लावून बसलेले, त्यांचं काय घेऊन बसायचं! बायकोही म्हणाली, "अहो, मला नाही येत." तिला तर बारमाही सर्दी!

गिऱ्हाइकं मात्र अजूनही श्वास रोखतच होती. शेवटी दादाने कात्री धाकट्या भावाच्या हातात दिली. "उद्यापासून खुर्ची तू सांभाळ. माझ्याच्याने लोकांचे हाल बघवत नाहीत."

"बरं. पण आधी तू बस. मिशी किती वाढलीय बघ तुझी!"

दादा बसला. धाकटा कात्री घेऊन त्याच्या नाकापाशी वाकला.



"झाली मिशी, दादा," थोड्या वेळाने धाकटा म्हणाला, "आता श्वास सोड."