माई मागे राहिल्या

"मन्ही माई मांगे ऱ्हायनी हो!"

डोंगरवाटेवरून धावत आलेली बाई गाडीचं दार धरून धापा टाकत होती. कंडक्टर पितांबरने घड्याळ पाहिलं. पाचला दहा कमी. आमलीपाड्याहून तळोद्याला जाणारी ही दिवसातली शेवटची गाडी.

कुठल्या एसटीने कुठल्या डोंगरावर जाता येतं, हे कोणीतरी मोबाईलवर टाकल्यापासून रविवारची ही फेरी खचाखच भरायची. बुटं घातलेली मंडळी दुपारी उतरायची, धबधबा बघून पाचला परत यायची. आजवर कोणी मागे राहिलं नव्हतं.

"कोन माई?"

"मन्ही माई! बाटलीमा पानी भरं, मांगे दखं तं माई नही!"

"नाव काय शे?"

बाई अडखळली. "सासूनं नाव शे हो. मी कशी लेऊ? माईच म्हना."

पितांबरला ते लगेच पटलं. त्याच्या बायकोने तरी तीस वर्षांत त्याच्या आईचं नाव कुठे घेतलं होतं? आणि पटलं की पुढचं ऐकत बसायचा त्याचा स्वभाव नव्हता. प्रवाशाने 'सा' म्हणेपर्यंत हा सारंगखेड्याचं तिकीट हातावर ठेवणारा माणूस.

बाईचं नाव रोहिणी. कोरीटहून आलेली. धबधबा बघायचा हट्ट माईंचाच. दोघीच निघाल्या होत्या.

"चालता येस ना तिले?"

"चालस, पन दमनी का तठेच बठी जास. पुढला दात पडेल शेतस, बोलेल कोनले समजत नही. आनि कोनाबी मांगे निंघी जास हो!"

"मोबाईल?"

"तिले कोठला मोबाईल!"

"तिकीट लिधं व्हतं का तिन्हं?"

"तिले कोठे तिकीट लागस?"

पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट, हे खरं. पण आधार कार्ड बघून शून्याचं तिकीट काढावंच लागतं. पितांबरने तिकिटाचं मशीन चाळलं. दुपारी येतानाच्या फेरीत शून्याचं एकही तिकीट नव्हतं. म्हणजे गर्दीत त्याने एक म्हातारी नोंद न करताच डोंगरात आणून सोडली होती. तिला काही झालं, तर ती या गाडीत होती हे दाखवायला कपटाही नव्हता.

ड्रायव्हर लोटनला त्याने सांगितलं, "गाडी हालाडू नको." मग रोहिणीला धबधब्याच्या वाटेवर परत पाठवलं आणि स्वतः कड्याची वाट धरली. ती वाट कड्याच्या अंगाने जात खाली फाट्यावर उतरते. म्हाताऱ्या पायांना उतार बरा वाटतो, असा त्याचा हिशेब.

वाटेत भेटेल त्याला तो विचारत सुटला. "एक म्हातारी दिसली का? दमलेली, दात नसलेली?" बुटवाल्या दोन पोरींनी नाही म्हटलं. एका जोडप्याने नाही म्हटलं. मोळीवाल्याने नुसतीच मान हलवली.

पुढे पाड्यावरची जमनाबाई बकऱ्या वळत होती. तिला मराठी फारसं येत नव्हतं, म्हणून पितांबरने कमरेत वाकून, हातात काठी असल्यासारखं करून दाखवलं. ती आधी हसली. मग मान हलवली आणि आपला तळवा कमरेशी आडवा धरून, फाट्याकडे बोट करत काहीतरी सांगू लागली. हिची बकरीही हरवलेली दिसते, असं समजून पितांबर पुढे गेला. आज दुसऱ्याची जनावरं शोधायला त्याला सवड नव्हती.

कड्याच्या टोकाशी त्याचे पाय थबकले. खाली करवंदीच्या जाळीत काहीतरी पांढरं अडकलं होतं. लुगडं? त्याने दगडाला धरून वाकून पाहिलं. नीट दिसेना. त्याने हाक मारली, "माई! ओ माई!" दरीतून त्याचाच आवाज परत आला. मग वारा सुटला आणि पांढरं फडफडत उलटं झालं. सिमेंटचं रिकामं पोतं होतं. पितांबर तिथेच खाली बसला. तो घाबरला होता, अगदी मनापासून घाबरला होता, आणि ते कबूल करायला आसपास कोणी नव्हतं हे बरंच झालं.

लोटनचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग लांबलचक. ऊन समोरच्या डोंगराच्या माथ्यावर तेवढं उरलं होतं. पितांबर मागे फिरला.

गाडीशी रोहिणी एकटीच आली होती. पायात काटे, पदर फाटलेला. पायरीवर बसून ती म्हणत होती, "घर काय तोंड दखाडू मी? माईबिगर कशी जाऊ?" मघाशी उशिरावरून कुरकुरणारे प्रवासी आता तिच्याभोवती जमले होते. कोणीतरी तिला पाणी दिलं. तिने ते हातात तसंच धरून ठेवलं.

रेंज फक्त गाडी उभी होती त्या वळणावरच होती. पोलिसांना कळवायच्या आधी पितांबरने फाट्यावरच्या चहावाल्या दलसिंगला फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"दलसिंग, पितांबर बोली ऱ्हायनू. तठे एखादी डोकरी उनी का? सत्तर-ऐंशीनी?"

"डोकरी?" पलीकडे कपबशा वाजल्या. "नही भाऊ. डोकरी कोनी नही."

रोहिणीने चमकून वर पाहिलं. "डोकरी?" ती म्हणाली. "कोन डोकरी?"

पितांबरने हातानेच तिला गप्प बसवलं आणि फोन बंद करायला अंगठा नेला.

"आरे, ठेवू नको," दलसिंग म्हणाला. "तुन्ह्या गाडीमा कोनी पोर हरायनी का? पाच वरीसनी व्हई. येक तासपाईन मन्ह्या बाकवर रडी ऱ्हायनी. नाव इचारं तं 'माई' सांगस."