बेचाळीस धवले

रंगूआत्या कशेळीच्या लग्नांमध्ये धवले गायची आणि गायलेला प्रत्येक धवला फोनमध्ये भरून ठेवायची. फोन भरला, तेव्हा भाची रूपाने त्यावर गाणी आवरून देणारं ॲप चालवलं. ॲपने विचारलं, 'ही बेचाळीस गाणी सारखीच आहेत. एक ठेवून बाकीची काढू?'

"काढू नको गो," आत्या म्हणाली. "दर गान्यात नवरी येगली हाय."

रूपा डोळे मिटून ऐकत राहिली. चाल तीच, पण नवं नाव आलं की नवा मांडव उभा राहायचा, ओल्या हळदीचा वास यायचा. शेवटच्या धवल्यात नवरीचं नाव आलं, रूपा.

"आत्या, माझं लगीन तर अजून ठरलं पन न्हाय!"

"तवर माझा गला ऱ्हाईल का, कोनाला ठाव? म्हनून गाऊन ठेवलाय."