रावांना हसवणारा कुंचला

शरच्चंद्रराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, ते घरी येऊन हसायचंच विसरले. सरोजिनीबाईंनी नाना खटपटी केल्या. शेवटी त्यांनी ठरवलं, हा माणूस निदान कागदावर तरी हसवायचाच.

"अहो, जरा हलू नका."

"मी हलतोच कुठे? काढ चित्र. पुतळा फुकट मिळालाय."

जलरंगाच्या पेन्सिलींचं काम मोठं गमतीचं. आधी कोरडं रेखाटायचं, मग वरून ओला कुंचला फिरवला की रंग जागा होतो. बाईंनी रावांना कमरेपर्यंत रेखाटलं. चेहरा हसरा काढायला घेतला, पण उतरला हुबेहूब आंबट. तरी त्यांनी कुंचला पाण्यात बुडवून कागदावरच्या हनुवटीखाली फिरवला.

समोर खुर्चीत रावांनी मान आक्रसली. "अगं, गुदगुल्या कसल्या करतेस!"

"मी? इतक्या लांबून?"

बाईंनी मुद्दाम चित्रातल्या मानेवर कुंचला ओढला. राव खुसखुसले. काखेत नेला, तसे खुर्चीसकट डोलायला लागले. ते जुनं गडगडाटी हसू ऐकून बाईंचे डोळे भरून आले.

"पुरे गं, मेलो!"

"हे बघा, ठेवला." बाईंनी कुंचला पेल्यात ठेवून दोन्ही हात वर केले.

तेवढ्यात त्यांच्या स्वतःच्या हनुवटीखालून काहीतरी गार, ओलं सावकाश फिरलं. घरात तिसरं माणूस नव्हतं. बाई खुदकन हसल्या. त्यांनी हनुवटी चाचपली, तर बोटांना ताजा गुलाबी रंग लागला.

आणि ते ओलं टोक आता काखेकडे निघालं होतं.