एक जायला, एक यायला

विज्ञानाच्या बाई हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभ्या होत्या. प्रत्येक बाकावर एक सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि वायरचा एक तुकडा. तास संपत आला होता आणि वर्गात अजून एकही बल्ब पेटला नव्हता.

दारात मोठ्या बाई. त्यांनी सकाळीच बजावलं होतं, मुलांनी आपल्या डोक्याने पेटवला तर ठीक. नाही तर उद्यापासून खडू, फळा आणि प्रश्नोत्तरं, हे खेळ बंद. मोठ्या बाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

‘वीज सेलमधून बल्बकडे जाते.’ हे वाक्य वर्गाला तोंडपाठ होतं. त्यावर सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले होते, आणि त्यातच सगळे अडकले होते. वायरचं एक टोक सेलला लावायचं, दुसरं बल्बच्या बुडाला, आणि वाट बघायची. जाते म्हटल्यावर गेली पाहिजे ना? बल्ब ढिम्म.

पहिल्या बाकावरच्या मुलाला वर्ग पंतोजी म्हणायचा. तो म्हणाला, सेलच मेलेत. शेजारी बसणाऱ्या, वर्गाने भिंगरी नाव ठेवलेल्या पोरीने विचारलं, सगळ्यांचे एकदम? सेलांची साथ आली की काय? पंतोजी चिडला. म्हणाला, घरी दिव्याला एकच तर वायर जाते, आपणही एकच लावलीय, मग आणखी काय करायचं?

भिंगरी उठली. कपाटावर एक मोडका टेबल-लॅम्प धूळ खात पडला होता, त्याची तुटकी वायर खाली लोंबत होती. सोलू का, असं तिने नजरेनेच विचारलं. विज्ञानाच्या बाईंनी मान डोलावली. दातांनी, नखांनी तिने ती सोलली. वरून एक दिसणारी वायर आतून जुळी निघाली. एक लाल, एक काळी. एका जागी कधी न बसणारी ती पोर त्या दोन तारांकडे बघत बसून राहिली.

मोठ्या बाईंना राहवेना. त्या पुढे झाल्या आणि सांगू लागल्या, अगं, बल्बच्या त्या...

“थांबा हो बाई, येतंय,” भिंगरी मान वर न करता म्हणाली.

मोठ्या बाईंना असं कुणी कधी बोललं नव्हतं. विज्ञानाच्या बाईंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. उत्तर त्यांच्याही जिभेच्या टोकावर होतं. एक शब्द टाकला असता तर बल्ब पेटला असता, आणि पोरं हरली असती. जीभ देवानेच दिलेली. ती आवरायचं बळही त्याच्याचकडे मागायचं.

“एक जायला,” भिंगरी पुटपुटली. “आणि एक यायला. पंतोजी, अरे, ती परत येते.”

“पण आपल्याकडे एकच आहे.”

तिने बल्ब उचलला आणि सरळ सेलच्या टोपीवर उभा केला. “इथून ती वायरशिवायच जाईल. वायर यायला ठेव.” पंतोजीने वायरचं एक टोक सेलच्या बुडाला धरलं, दुसरं बल्बच्या पत्र्याच्या गळ्याला टेकवलं.

मुगाएवढा उजेड. पण काय तो उजेड. दोघांच्या हनुवट्या सोनेरी झाल्या, आणि वर्ग बाकांवर चढला.

मोठ्या बाईंनी शाब्बास म्हटलं. मग सवयीने म्हणाल्या, आता फळ्यावर आकृती काढ, बाकीचे उतरवून घेतील.

भिंगरीने उजेडाकडे पाहिलं, मागच्या बाकांकडे पाहिलं. तिने वायर काढून घेतली. बल्ब विझला.

“बघून लावला तर तो त्यांचा कसा होईल, बाई?”

घंटा झाली. कुणी उठलं नाही. पुढचा तास मोठ्या बाईंचा, व्याकरणाचा. त्यांनी हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं आणि ते मिटून टेबलावर ठेवलं.

“चालू द्या तुमचं,” त्या विज्ञानाच्या बाईंना म्हणाल्या. “हाही तास घ्या. उद्याचाही घ्या.”

मग शेवटच्या बाकावरच्या पोरींना सरकायला सांगून त्या तिथे टेकल्या. तोवर खिडकीजवळ दुसरा बल्ब पेटला होता.