वाणाचा मसाला

अजिनाथ किराणावाल्याने मसाल्याच्या पाकिटांची पिशवी गल्ल्यावरून हलकेच स्वप्नालीकडे सरकवली. महिना होऊन गेला तरी बहुतेक पाकिटं तशीच होती. "ताई, एकदा नेलेलं गिऱ्हाईक पुन्हा मागत न्हाई," एवढंच तो म्हणाला. का मागत नाही, ते मात्र त्याला सांगता येईना, किंवा सांगवेना. भला माणूस म्हणून त्याने आणखी एक खेप ठेवून बघायची तयारी दाखवली. तीही अशीच पडून राहिली तर मात्र माफ करा, असं हात जोडून सांगितलं.

केजहून गावाकडे निघालेल्या जीपमध्ये स्वप्नाली पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि पर्समधल्या चिठ्ठ्या पुन्हा वाचू लागली. सव्वीस चिठ्ठ्या होत्या. लई छान. एक नंबर. घरात सगळ्यांना आवडला. शेजारच्या गीताबाईंनी तर कोपऱ्यात पेनने फूलही काढलं होतं. एवढ्या बायकांना आवडलेला मसाला दुकानात का खपू नये, हे काही केल्या तिच्या ध्यानात येईना.

चिठ्ठ्यांची कल्पना तिचीच. कंपन्या माल आधी फुकट वाटतात आणि बदल्यात लोकांचं खरं मत मागतात, हे तिने मोबाइलवर पाहिलं होतं आणि लगेच मनावर घेतलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अख्खी गल्ली घरी येणारच होती. बाकीच्या बायका वाण म्हणून गाळण्या नाहीतर प्लास्टिकचे डबे वाटत होत्या. हिने आपल्या काळ्या मसाल्याचं छोटं पाकीट दिलं, सोबत एक कोरी चिठ्ठी. खरं मत लिहून द्या, असं प्रत्येकीला बजावून सांगितलं. पहिलं वाण अर्थातच सासूच्या पदरात घातलं.

सासूबाईंना, म्हणजे तुळजाबाईंना, लिहिता येत नव्हतं. पण त्यांचं मत स्वप्नालीला सगळ्यांत मोलाचं वाटलं होतं, आणि त्याला कारण होतं. सहा वर्षांत सुनेच्या हातच्या एका घासाला या बाईने चांगलं म्हटलं नव्हतं. आज आमटी पातळ, उद्या भाकरी जाड, परवा भाजीत मीठ कमी. पहिल्या वर्षी स्वप्नाली चुलीमागे रडायची. मग तिने ऐकून घेण्याची सवय लावून घेतली, पण जिव्हारी लागायचं ते लागायचंच. आणि त्याच तुळजाबाईंनी पाकीट उघडलं, बोटाला मसाला लावून पाहिला आणि म्हणाल्या, चांगला हाय. त्या दोन शब्दांच्या जोरावर ती अजिनाथच्या दुकानाची पायरी चढली होती.

ती घरी पोचली तेव्हा तुळजाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. परत आलेली पिशवी त्यांनी पाहिली. मग स्वप्नालीच आपणहून बोलत सुटली. दुकानच आडबाजूला आहे, अजिनाथला माल विकताच येत नाही, मसाल्यात काही खोट नाही, उद्याच पुन्हा कढई चढवते आणि अगदी तसाच करते. पुरावा म्हणून तिने चिठ्ठ्याही वाचून दाखवल्या. तुळजाबाईंनी सगळ्या शांतपणे ऐकल्या. मग सूप बाजूला सारलं, कनवटीची गाठ सोडली आणि चुरगळलेली दहाची नोट सुनेपुढे धरली.

"एक पाकीट इकत दे."

घरच्या माणसाकडून कसले पैसे घ्यायचे म्हणून स्वप्नाली हसली. तुळजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी नोट तिच्या हातात कोंबली, पिशवीतलं पाकीट स्वतःच काढून फोडलं आणि चिमूटभर मसाला तळहातावर घेऊन चाटला.

"धने करपलेत. एवढाल्या कढईत समदे एकदमच टाकले तू. खालचे जळले, वरचे कच्चे ऱ्हायले. घरच्या डब्यासाटी मूठ मूठ भाजतीस, तव्हा असं व्हत न्हाई."

स्वप्नालीनेही चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिला. खोटं नव्हतं ते. वेळ वाचावा म्हणून तिने लग्नकार्याची मोठी कढई आणली होती. उद्याही तीच आणणार होती.

हे संक्रांतीलाच का नाही सांगितलं, असं तिने चिडून विचारलं. तुळजाबाईंना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. कुंकू लावून पदरात घातलेल्या वाणाला कुणी नावं ठेवतं का, त्या म्हणाल्या. गीताबाई ठेवील? गल्लीतली एक तरी ठेवील? आता विकत घेतलाय, आता बोलायला मोकळी.

स्वप्नाली गीताबाईंनी काढलेल्या फुलाकडे बघत राहिली. सव्वीस जणींनी तिला फसवलं नव्हतं. त्यांनी वाणाचा मान राखला होता, आणि ते न कळण्याइतकी ती काही या गावात नवी नव्हती. तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी एक गोष्ट सलत होती, सहा वर्षांपासूनची, आणि आज ती तोंडातून निघालीच.

"मग रोजच्या आमटीला कावून नावं ठेवता, आत्या? ती तर तुमी कदी इकत घेतली न्हाई."

तुळजाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. तुरीतला एक खडा शोधून अंगणात टाकला.

"ती काय वाण हाय? का मी तुज्या घरी पाव्हनी आलेय?" मान वर न करता त्या म्हणाल्या. "खरं सांगा म्हनून तू चिठ्ठ्या आत्ता वाटल्या, पोरी. मी तर सहा वर्सं झाली, फुकटच सांगायलेय."