खोडायचं नाही

"पेन थांबलं तुझं," बायको म्हणाली. "थांबायचं नाही, ठरलंय ना."

त्याने पेन पुढे रेटलं. दिवसभर प्रयोगशाळेत नळाचं पाणी तपासून त्याचे डोळे चुरचुरत होते. लिहिणं हे त्याचं कामच नव्हे. ते तिचं. पण दुसऱ्या कादंबरीनंतर तिचं लिहिणं जे आटलं ते आटलंच. "लिहील ती, घाई काय आहे," असं तो भेटेल त्याला सांगायचा. घरी आला की मात्र "बस ना जरा लिहायला" म्हणून तिच्या मागे लागायचा.

शेवटी तिच्या ताईने हा उपाय सुचवला. मोबाइलवर अलार्म लावायचा आणि तो वाजेपर्यंत मनात येईल ते लिहीत सुटायचं. खोडायचं नाही. काही सुचलं नाही तर तेच लिहायचं. मग एक शब्दही न गाळता मोठ्याने वाचायचं. "एकटीने हसं करून घेणार नाही," असं म्हणून बायकोने त्यालाही समोर बसवलं होतं.

अलार्म वाजला. आधी तिने वाचलं.

"भिंतीचे पोपडे निघालेत. काही सुचत नाही. ताईचं डोकं फिरलंय. काही सुचत नाही. काही सुचत नाही." तिने कागद दुमडला. "झालं समाधान? आत काही उरलेलंच नाही रे. उद्या प्रकाशकांना कळवून टाकते, मला जमणार नाही म्हणून. आता तुझं वाच."

"माझं काय, पाण्याचे आकडे असतील."

"मग आकडे वाच."

त्याने पान उचललं. अक्षर त्याचंच होतं, पण हातून काय काय लिहिलं गेलं होतं ते त्याला आठवेना.

"हात दुखतोय. आज गाळणी तुंबली. साहेब माझ्यावरच घसरले. हल्ली घरी आलो की ही विचारते, दमलास का. लिहीत होती तेव्हा विचारायची नाही. माझ्याकडे बघत बसायची, पण मी दिसायचो नाही." त्याचा आवाज खाली गेला. थांबायची सोय नव्हती. "हिचं लिहिणं थांबलं आणि मला बायको मिळाली. हिला काही सुचू नये."

त्याचे कान तापले. ती लिहील, असं इतकी वर्षं तो लोकांना सांगत आला होता, आणि तिने लिहावं असंच आपल्याला वाटतं, हे त्याला स्वतःलाही खरं वाटत होतं.

"अगं, असंच काहीतरी आलं हाताला. मनावर घेऊ नकोस."

"थांब. ते 'बायको मिळाली'वालं वाक्य परत वाच."

त्याने वाचलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. प्रयोगशाळेत तो काचेची नळी उजेडात धरून पाण्याचा रंग बघतो, तशी ती त्याच्याकडे बघत होती. मग तिने कोरा कागद ओढला आणि ते वाक्य अगदी वर लिहिलं. त्याखाली दुसरं लिहिलं. ते त्याचं नव्हतं. मग तिसरं. पेन आता कागदावरून उठेना.

तो बराच वेळ समोर बसून होता.

"रागावलीस का?" त्याने विचारलं.

पान भरलं. तिने उलटलं.

"अगं, रागावलीस?"

तिला ऐकू आलं नाही.